समोरचं वाचायला मी होतो

संगीता,

परवाच्या रविवारी नाटकातल्या तुझ्या भूमिकेसाठी पुन्हा ऑडिशन झाली. समोरच्या भावाची वाक्यं वाचायला मी होतो. तू असतीस तर हसली असतीस. इतक्या वर्षांत वाचनालयाच्या त्या लोखंडी जिन्यावर मी पाय ठेवला नव्हता. तू वर जायचीस, मी खाली स्कूटीवर बसून राहायचो. तू उतरायला लागलीस की तुझ्या चपलांच्या आवाजावरून मला कळायचं, काम मिळालं की नाही. बहुतेक वेळा मिळालेलं नसायचं.

परवा वर गेलो तो खरं म्हणजे भांडायला. तुझे दिवस झाले त्याच आठवड्यात वसंत सर घरी आले होते. शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलेला साधा माणूस, पण वाचनालयाच्या मंडळाचं नाटक तेच बसवतात, आणि त्याचा विषय निघाला की आवाज चढतो, असं तूच सांगायचीस. त्या दिवशी त्यांचा आवाज निघत नव्हता. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले, "भाऊ, या वर्षी नाटक राहू देऊ. तुम्ही म्हणाल तसं करू."

मी म्हणालो, "बंदच करा."

स्वाती स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "पप्पा, मम्मीला इचारलं असतं तर ती काय म्हणली असती?"

"मम्मीला इचारूनच आपलं हे झालंय," मी म्हणालो.

तुझ्या लेकीला मी असं बोललो. ती आत गेली आणि घासून ठेवलेला कुकर पुन्हा घासत बसली. सर चहा न पिता उठले. मला नाटकाचा राग होता, अजून आहे. कशासाठी ते तुला ठाऊक आहे. पण तू गेल्यापासून हे सगळं मी मनात सुरुवातीपासून म्हणत बसतो. एकदम शेवटावर जायची हिंमत होत नाही.

लातूरला आपण घर केलं, तेव्हा मी रोज शिरूर अनंतपाळला गुरांच्या दवाखान्यात जाऊन-येऊन नोकरी करायचो. स्वाती कॉलेजात जायला लागली आणि दिवसभर घर तुला खायला उठायचं. वाचनालयाबाहेरचा फलक तिनंच वाचला. नाटकात काम करायची इच्छा असणाऱ्यांनी रविवारी यावं. तू नायगावच्या शाळेत गॅदरिंगला काम केलेलं. पुढं तुझ्या बाबांनी बंद केलं, हे तू मला लग्नानंतर कितीदा तरी सांगितलेलं. पण जाताना तू मलाच विचारलंस, "मी आता नाटकात जाऊन काय करू हो? लोक हसतील की."

मी म्हणालो, "हसले तर हसले. मी खाली थांबतो."

सरांनी तुला पहिल्या दिवशी घरातला एखादा प्रसंग करून दाखवायला सांगितलं, भांडणाचा चालेल म्हणाले. खिडक्या उघड्या होत्या. तू तिथं नसलेल्या नवऱ्याशी भांडायला लागलीस. मी जनावरांच्या औषधाचा वास घरात घेऊन येतो, ओला टॉवेल गादीवर टाकतो, गावाकडं भावाकडं गेलो की दोन दिवस फोन करत नाही. सगळं खरं, एकेक. खाली पानटपरीवाला माझ्याकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, आज घरी जरा जपूनच जा." मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. तू खाली आलीस तेव्हा मला वाटलं, हिला घेतलंच. तुला पडद्यामागून वाक्यं सांगायचं काम दिलं होतं.

पुढच्या वर्षी शेजारीण. त्याच्या पुढं एकदा आतून नुसता आवाज. एकदा सासू, पण ती पहिल्या प्रवेशातच मरते. दरवर्षी तू मुख्य कामासाठी ऑडिशन द्यायचीस आणि दरवर्षी ते दुसऱ्या कुणाला तरी जायचं. कधी वय आडवं यायचं, कधी बोलणं. "पानी नको, पाणी म्हणा," असं कुणीतरी तुला म्हणालं, तर तू महिनाभर कणीक मळताना पाणी, पाणी करायचीस. एका वर्षी तू जिन्यावरच बसलीस. लोक तुला ओलांडून खाली जात होते. मी वर बघून हाक मारली, तर म्हणालीस, "मला एकदा तरी मधोमध उभं राहू द्या की कुणीतरी. कडंला उभं राहून राहून मान वाकडी झाली माझी."

मी म्हणालो, चल, गार काहीतरी पिऊ. तू उठलीस आणि आलीस. तुझ्या वेळेला मला कधीच नेमकं काही सुचलं नाही, तरी तू येत राहिलीस माझ्याबरोबर. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

मग तुझे पाय सुजायला लागले. तोंड सकाळी ओळखू येईना. रक्तदाबानं आतल्या आत दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या आणि आपल्याला पत्ता नव्हता. मी जनावराच्या डोळ्यांकडं बघून सांगतो, याला ताप आहे. घरात तू सुजत होतीस आणि मी म्हणत होतो, मीठ कमी कर. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. मंगळवारी आणि शुक्रवारी. मी सुट्ट्या घेऊन तुझ्याबरोबर बसायला लागलो.

मला वाटलं, आता नाटक सुटलं. तू मात्र त्याच खाटेवर त्या वर्षीच्या नाटकाच्या झेरॉक्स काढून बसलीस. एका हातातून रक्त मशीनमध्ये चाललंय, दुसऱ्या हातात कागद. बहीण-भावाचं नाटक होतं. जमिनीच्या वाटणीवरून तुटलेल्या भावाच्या दारात बहीण बऱ्याच वर्षांनी येते आणि दिवसभर तिथंच बसून राहते. भावाची वाक्यं मला वाचायला लावलीस.

"तू कशाला आलीस?" मी वाचायचो.

"बसायला आले. बसू का?"

पुन्हा. पुन्हा. मी सपाट वाचायचो, तू वैतागायचीस. "नवरा म्हणून जमलं न्हाई, भाऊ म्हणून तरी नीट बोला." शेजारच्या खाटेवर उदगीरचे आप्पा असायचे, म्हातारे, कानडी हेल काढून बोलणारे. त्यांना हे नाटक आहे हे बरेच दिवस कळलंच नव्हतं. एकदा ते मला रागानं म्हणाले, "बहीण दारात येऊन बसली अन् तू तिला कशाला आलीस म्हणतो?" तू एवढी हसलीस की सिस्टर धावत आली. नंतर त्यांना कळलं, तरी दर शुक्रवारी ते आधी तेच विचारायचे, "मग, बोलला का भाऊ?"

त्या दिवसांसाठी मी देवाचे पाय धरायला तयार आहे. तू आजारी होतीस आणि मी दिवसभर तुझ्याजवळ होतो. एवढा वेळ आपण लग्नानंतर कधी एकमेकांजवळ बसलो होतो?

हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनी बदलली तर ही बाई पुष्कळ जगेल. माझा रक्तगट चालत होता. तपासण्या झाल्या, माझी किडनी तुला बसत होती. डॉक्टर मला म्हणाले, एक देऊनसुद्धा तुम्ही म्हातारे होईपर्यंत जगाल, काळजी नको. मी आनंदानं पळत बाहेर येऊन तुला सांगितलं. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. म्हणालीस, "एवढं नाटक होऊ द्या. मग येऊ."

परतीच्या बसमध्ये बीदर मागं पडल्यावर मी तुझ्यावर तुटून पडलो. लोक वळून बघत होते.

"ऑडिशनसुद्धा झाली नाही अजून. काम मिळंल का हेच ठाऊक नाही. आणि तू त्याच्यासाठी थांबून राहणार?"

"मिळंल. अवंदा मिळंल."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर मग लगेच जाऊ. पण मिळंल."

"संगीता, मशीनवर माणूस किती दिवस काढतो, ठाऊक आहे का तुला?"

तू खिडकीकडं बघत म्हणालीस, "एका किडनीवर तुम्ही बैल धरायला जाणार हाव का? एखाद्यानं पोटात लाथ घातली तर? मग स्वातीचं लग्न कोण करणार, मी?"

"हे कारण आहे का नाटक कारण आहे? एक काय ते सांग."

"दोन्ही हायेत," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. उदगीर येईपर्यंत झोपलेली होतीस, का तसं दाखवत होतीस, मला माहीत नाही.

हेच भांडण आपण नंतर घरात केलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात केलं, स्वातीसमोर केलं. प्रत्येक वेळी तू वेगळं बोलायचीस. कधी म्हणायचीस, एकदा मधोमध उभी राहते, मग काय करायचं ते करा माझं. कधी म्हणायचीस, तुमचं पोट फाडून घेतलेलं मला पचणार न्हाई. मी म्हणायचो, प्रयोगाची तारीख तरी अलीकडं घ्यायला सांग. तू म्हणायचीस, "तारीख मंडळ ठरवतं. माझ्या हातात काय हाय?"

ऑडिशनच्या दिवशी तू लांब बाह्यांचं ब्लाउज घातलंस, मशीनच्या सुयांनी फुगलेली हातावरची शीर दिसू नये म्हणून. सरांना काही कळायला नको, असं मला बजावलंस. पाणी प्यायची बंदी होती, तोंड कोरडं पडायचं, म्हणून जाताना बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवलास. जिना चढताना मधेच कठड्याला धरून उभी राहिलीस. मी खाली उठलो, तू हातानं बस म्हणालीस.

मी खाली बसून देवाकडं काय मागत होतो, तुला सांगू? मी मागत होतो की तुला काम मिळू नये. नाही मिळालं तर आपण लगेच जाणार होतो, तूच शब्द दिला होतास. कुठल्या नवऱ्यानं बायकोसाठी असं मागितलं असेल? आणि त्याच वेळी, वरून तुझा आवाज आला, "बसायला आले. बसू का?", तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खाटेवर तू ते वाक्य इतक्यांदा म्हणाली होतीस, पण असं कधी म्हणाली नव्हतीस. पानटपरीवाल्यानं रेडिओ बारीक केला.

तुझ्या चपलांचा आवाज आला. सुजल्या पायांनी तू पळत उतरत होतीस. तुझं तोंड बघितलं आणि माझं भांडण तिथंच खाली पडलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा ते तोंड असं नव्हतं. "मिळालं हो," म्हणालीस. "मधोमध. पहिल्यापासून शेवटपर्यंत." मी स्कूटी चालवत होतो आणि माझ्या पाठीवर डोकं टेकून तू रडत होतीस. मीही रडत होतो. तुला वाटलं असेल आनंदानं. अर्धं खरं होतं ते.

प्रयोग नांदेडला ठरला. नायगावहून तुझी सगळी माणसं येणार होती. तू तालमीला जात राहिलीस. मग हातातली शीर बंद पडली, मानेत नळी घालावी लागली. तू पदर मानेभोवती घेऊन तालमीला गेलीस. एका मंगळवारी मशीनवर असतानाच तुला थंडी वाजून आली. खाट हलत होती. मी तुझे पाय धरले, आप्पांनी त्यांची चादर तुझ्या अंगावर टाकायला लावली. नळीतून रक्तात जंतू गेले, असं डॉक्टर म्हणाले. आत नेताना तू मला म्हणालीस, "सरांना फोन करा. म्हणावं, आज यायला उशीर होईल."

मी फोन केला. तुझं मी ऐकलं, नेहमीसारखंच. त्यानंतर तू बोलली नाहीस.

तर परवा. सर नाटक बंद करतो म्हणाले होते, पण मंडळातली बाकीची माणसं ऐकेनात. हॉल ठरलेला, सगळं ठरलेलं. स्वातीनंच मला सांगितलं, रविवारी पुन्हा ऑडिशन आहे. मी ताडकन उठलो आणि गेलो. म्हटलं, तुझ्या जागी कुणी उभं राहायचं नाही. जिना चढून वर गेलो तर एक लांबट खोली, एक पंखा, भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्च्या. एवढंच. इथं यायला तू इतकी वर्षं धडपडत होतीस? मी दारातच उभा राहिलो. काय बोलायला आलो ते आठवेना.

सर जवळ आले. म्हणाले, "भाऊ, भावाचं काम करणारे गुरुजी आज आले नाहीत. तुम्हाला वाक्यं पाठ आहेत, असं वहिनी म्हणायच्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी कागद न घेता मधे जाऊन उभा राहिलो. समोर अश्विनी नावाची बाई होती, लोह्याकडच्या शाळेत शिकवते, सकाळच्या गाडीनं आलेली. तिला तुझं ठाऊक होतं. खाली बघत होती. मग मी म्हणालो, "तू कशाला आलीस?"

संगीता, मला वाटलं होतं ती वाईट करेल. मला तेच हवं होतं. तिनं वाक्य जरा घाईनं म्हटलं, पण खरं म्हटलं. पुढं पुढं तर चांगलंच केलं तिनं. संपल्यावर सरांनी मला विचारलं, "कशी वाटली?" आणि माझ्या तोंडून निघालं, "चांगलं करतात. यांना घ्या." का म्हणालो, मला कळलं नाही. दुसऱ्या कुणाच्या ऑडिशनला मी खोटं बोललो असतो तर तू मला घरात घेतलं नसतंस, एवढंच त्या वेळी मनात आलं.

चहा घेताना सर माझ्याजवळ बसले. म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. वहिनींनी मशीनचं मला ऑडिशनच्या आधीच सांगितलं होतं. दया म्हणून काम देऊ नका, असं बजावलं होतं त्यांनी."

मी म्हणालो, "मला तर म्हणाली, सरांना सांगू नका."

"आणि प्रयोगाचं," सर म्हणाले, "आम्ही दिवाळी झाली की लगेच करणार होतो. वहिनीच म्हणाल्या, सर, पुढं ढकला. जमलं तर उन्हाळ्यापर्यंत न्या, मला घाई न्हाई. मला वाटलं, तब्येतीसाठी म्हणतायत."

तारीख तुझ्याच हातात होती. तूच ती लांबवत होतीस. ज्या नाटकासाठी तू थांबलीस म्हणून मी त्याचा एवढा राग केला, ते नाटक लवकर व्हावं असं तुला वाटतच नव्हतं. मग तू काय करत होतीस, संगीता? मधोमध उभं राहायचं सुख थोडं जास्त दिवस पुरवत होतीस, का माझ्या पोटाला सुरी लागू नये म्हणून नाटक मधे धरून उभी होतीस? बसमध्ये दोन्ही म्हणालीस. दोन्ही सारखं असतं का कधी? एक तर जास्त असेल ना.

मी खाली उतरून स्कूटीवर बसलो. चावी लावली आणि फोन वाजला. हैदराबादच्या दवाखान्यातली मुलगी होती, तारखा बघणारी. तिला कुणी कळवलंच नव्हतं. हिंदीत म्हणाली, तुम्ही फोन करणार होतात, मॅडमना कधी आणताय? मी सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "माफ करना भाई साब. आप अपना खयाल रखना. आपके रिपोर्ट तो एकदम अच्छे थे."

वरून अश्विनीबाई उतरल्या, मला नमस्कार करून बसस्टँडकडं गेल्या. माझे रिपोर्ट चांगले आहेत. म्हणजे अजून पुष्कळ वर्षं मला हे घेऊन जगायचंय. तू नाटकासाठी थांबली असशील, तर मी तुझ्यावर रागावेन, आणि राग कधीतरी निवतो. पण तू माझ्यासाठी थांबली असशील, तर मी काय करायचं, हे मला कुणीच सांगत नाही.